दोन किलो पाचशे

अभिनंदनाचं पत्र आलं तेव्हा धाकटी सिस्टर एका दिवसाच्या बाळाचं ओलं दुपटं बदलत होती. शिपाई दारातूनच म्हणाला, केंद्राचं नाव निघालं बघा, आणि डॉक्टरांनी ते पत्र व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. गेल्या तीन वर्षांत या प्रसूती केंद्रात कमी वजनाची बाळं जन्मली ती फक्त अकरा; अख्ख्या विभागात एवढा चांगला आकडा दुसऱ्या कुणाचा नाही; सबब सर्व कर्मचाऱ्यांचं कौतुक. चहा सांगितला गेला. मावशींनी, म्हणजे फरशी पुसण्यापासून बाळंतिणीची पाठ चोळण्यापर्यंत सगळं करणाऱ्या बाईंनी, ओले हात झटकले, कप घेतला आणि विचारलं की कौतुकाबरोबर एखादा पंखाबिंखा पण पाठवतायत का, की नुसतंच कौतुक.

पत्राला दुसरंही पान होतं. डॉक्टर पहिल्याच पानावर खूश होऊन थांबले होते. धाकटीने कप विसळायला नेताना ते उचललं आणि बेसिनपाशी उभ्यानेच वाचलं. कमी वजनाची बाळं नगण्य असल्याने या केंद्रातल्या नवजात खोलीची गरज उरलेली नाही. तिथल्या तीन कॉट, ऊब देणारं यंत्र आणि एक मदतनीस पुढच्या महिन्यापासून शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवण्यात येतील. नोंदी तपासायला गुरुवारी अधिकारी येतील.

तो मंगळवार होता.

ती खोली म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. केंद्रातली सगळ्यात आतली, एकाच खिडकीची, त्या खिडकीलाही दुहेरी पडदा. तीन कॉट, पाठ टेकून अर्धवट पडून राहता येईल अशा. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून दोघांना मिळून एक पांघरूण, आणि दिवसच्या दिवस तसंच राहायचं. वाटी-चमच्याने दूध, दर दोन तासांनी. नातेवाइकांना आत मज्जाव. सगळे तिला गरम खोली म्हणायचे. ती सुरू होऊन चारच वर्षं झाली होती. त्याआधी अशी बाळं अडीच तासांवरच्या शहरात धाडायची पद्धत होती. तशा एका गाडीत नोकरीच्या पहिल्या वर्षी धाकटी स्वतः बसली होती, एक किलो सातशेचं बाळ मांडीवर घेऊन. इस्पितळाच्या दारात उतरताना ते दुपट्यात तसंच नीट गुंडाळलेलं होतं, पण अंग ऊन नव्हतं. त्याची आई मागच्या सीटवर झोपली होती. तिला उठवायचं काम धाकटीलाच करावं लागलं.

आणि म्हणे खोलीची गरज उरलेली नाही. त्या घडीला खोलीत दोन बाळं होती. एक होतं एक किलो नऊशे, दुसरं दोन किलो दीडशे. रजिस्टरात दोघांपुढे लिहिलं होतं, दोन किलो पाचशे.

हे असं का, ते केंद्रात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं. डॉक्टर सोडून. ते आठ महिन्यांपूर्वी आले होते आणि रजिस्टरावर सह्या करताना त्यांची नजर घड्याळावर असायची.

ही सवय थोरल्या सिस्टरची, सहा महिन्यांपूर्वी गुडघ्यांपायी निवृत्त होऊन घरी बसलेल्या. दोघी एकाच केंद्रात म्हणून ही थोरली, ती धाकटी. आम्ही दोघी जावा आणि हे आमचं सासर, असं थोरली हसून सांगायची. खूप वर्षांपूर्वी एका पोरीचं बाळ दोन किलो दोनशे भरलं. थोरलीने कार्डावर तसं लिहिलं. कार्ड दारातल्या माणसांच्या हातातून फिरलं, आणि कुणीतरी आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं की नऊ महिने हिला घरात खायला घालत होतो की वारा. पोरीने भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस तिला दूध आलं नाही. त्यानंतर थोरली आधी दारातले चेहरे बघायची आणि मग कार्ड लिहायची. अडीच किलोची रेघ तेवढी ओलांडून द्यायची. पुढे पुढे चेहरे बघायचंही तिने सोडलं; शहरात धाडावीच लागत ती अगदी बारकी तेवढी सोडून सगळ्यांनाच दोन पाचशे. कार्डावर तसं म्हणून रजिस्टरातही तसं. दोनशे-तीनशे ग्रॅमने सरकारचं काय बुडतंय गं, असं ती म्हणायची. बाळाची मान कशी धरावी, चमचा किती कोमट हवा, बेंबी कोरडी कशी ठेवावी, हे सगळं धाकटी तिच्याकडून शिकली, आणि त्याच ओघात हेही शिकली.

दुधात मात्र दोघींनी कधी चूक केली नाही. दूध बाळाच्या वजनाच्या हिशेबाने द्यावं लागतं, म्हणून खरं वजन एका चिठ्ठीवर लिहून कॉटच्या गजाला पिनेने लावलेलं असे. बाळ घरी जायच्या दिवशी ती चिठ्ठी चार तुकडे करून टोपलीत. दूध खऱ्या वजनाचं, कार्ड खोट्या वजनाचं. एकही बाळ त्यामुळे उपाशी राहिलं नाही. पण एकही बाळ त्या खोलीत होतं, याचा कागद उरला नाही.

डॉक्टरांना धाकटीने त्याच दुपारी सगळं सांगितलं. ते आधी रजिस्टर चाळत राहिले, मग मान चोळत राहिले. मग त्यांना एक तोड सुचली. काटा बिघडला होता म्हणू. गेली काही वर्षं वाढीव वजन दाखवत होता, आत्ता लक्षात आलं. कुणावर काही येणार नाही.

“मग काटा दुरुस्तीला नेतील,” धाकटी म्हणाली. “मागच्या खेपेला नेला तेव्हा पाच महिने आला नव्हता. किराणावाल्याकडून मागून आणलेल्या तराजूवर बाळं मोजली आम्ही.”

“दुपट्यातून डाळ निघायची,” मावशी म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, बघू, गुरुवारी मी बोलतो, तुम्ही गप्प राहा. धाकटी गप्प राहिली. गप्प राहायला तिची हरकत नव्हती. तिला सकाळी पाचपासून बसायलाच मिळालं नव्हतं. मावशींना तिने विचारलं की शहरात जावं लागलं तर कसं कराल. मावशी खाली बसून फरशीचा कोपरा घासत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, झाडू काय, कुठेही चालतो. पण तिथे मला त्या पोरींच्या उशाशी कोण बसू देणार आहे.

बुधवारी धाकटी घरी पोचली तेव्हा सहा वाजले होते. दुपारचं दूध काढायला वेळ मिळाला नव्हता, छाती दगड झाली होती आणि गाऊनच्या आत दोन रुमाल भिजले होते. ठमी, तिची दहा महिन्यांची लेक, आजीच्या खांद्यावरूनच झेपावली. धाकटी दारातल्या खुर्चीतच बसली, चपलाही न काढता, आणि पोरीला जवळ घेतलं. नवरा लांबच्या पाळीवर होता, आठवड्याने येणार होता. सासूबाई वाळलेले लंगोट घडी घालत होत्या. त्यांनी एकदा सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, कुणी काही बोललं का.

मग धाकटीने त्यांना पत्राचं सांगितलं. दोन्ही पानांचं. थोरलीचं, कार्डांचं, टोपलीत जाणाऱ्या चिठ्ठ्यांचं. सासूबाई लंगोट घडी घालत राहिल्या. सांगता सांगता धाकटी एका जागी अडखळली. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

“आई, आपल्या ठमीच्या कार्डावरचंही वजन खरं नाही.”

“एक नऊशे होती की दोन?” सासूबाईंनी विचारलं.

धाकटीला क्षणभर कळेना. “एक नऊशे ऐंशी.”

“मग बरोबर. मी दोन धरलं होतं.” त्यांनी पुढचा लंगोट उचलला. “तीन पोरं वाढवली मी, आणि शेजारणींची धरली तर दहा. हातात घेतल्यावर कळत नाही होय? तुमच्या थोरलीने अडीचाचं कार्ड दिलं तेव्हाच म्हटलं, बाईचा हात सढळ आहे.”

“मग तुम्ही सगळीकडे अडीच म्हणून का सांगत सुटला होतात? भाजीवालीला सुद्धा सांगितलंत.”

“तुला वाटत होतं मला माहीत नाही. तेवढाच तुला आधार होता. तो कशाला काढून घ्यायचा?”

धाकटीला हसूही आलं आणि रडूही, पण दोन्हीपैकी कशालाही अंगात ताकद नव्हती. तेवढ्यात ठमीने नव्या दाताने कडकडून चावा घेतला आणि रडण्याचा प्रश्न सुटला. सासूबाईंनी उठून पाणी आणून दिलं. मग पुन्हा घड्या घालायला बसत, सुनेकडे न बघता, त्या म्हणाल्या की बायका एकमेकींना सांभाळता सांभाळता खोलीच घालवून बसल्या. आणि थोड्या वेळाने, उद्या काय ते नीट सांग. थोरलीचं नाव मात्र मध्ये घेऊ नकोस. तिला तिचे गुडघे पुरेत.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मॅडम आल्या. धाकटीने मनाशी एक कडक बाई तयार करून ठेवली होती; आली ती दोन बस बदलून आलेली, चपलेचा पट्टा तुटलेली, पन्नाशीची बाई. पहिलं वाक्य त्यांनी म्हटलं ते, पिन आहे का हो कुणाकडे. मावशींनी कॉटच्या गजाची पिन काढून दिली. मॅडमनी पट्टा जोडला, घोटभर पाणी घेतलं आणि आपणहूनच सांगितलं की त्यांच्याकडे अकरा केंद्रं आहेत आणि यंदा मंजुरी सात खोल्यांची आहे. चार बंद करायच्या. कुणाच्या करायच्या हे त्यांच्या मनावर नाही, आकड्यावर आहे.

रजिस्टर उघडलं. त्यांचं बोट वजनाच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं. दोन सातशे, दोन पाचशे, दोन पाचशे, तीन किलो, दोन पाचशे, दोन पाचशे. पान उलटलं. दोन पाचशे. बोट थांबलं.

“तुमच्याकडे बाळं माप लावून जन्माला येतात वाटतं,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले की त्याचं काय आहे, हा काटा जरा.

“काटा बरोबर आहे मॅडम,” धाकटी म्हणाली. “लिहिणारा हात चुकला.”

बोलल्यावर, फार दिवसांनी जड पिशवी खाली ठेवावी तसं बोटांना नुसतं रिकामं वाटलं. तिने रजिस्टर आपल्याकडे ओढलं, दहा महिने मागे गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ही माझी मुलगी, ती म्हणाली. इथे दोन पाचशे आहे. एक नऊशे ऐंशी होती. मधल्या कॉटवर सतरा दिवस मी तिला घेऊन पडून होते. सातव्या दिवशी तिचं वजन आणखी उतरलं तेव्हा या मावशी माझ्या उशाशी बसून होत्या. नवव्या दिवशी वीस ग्रॅम वाढलं. मग ती पुढच्या ओळीवर गेली. हा दोन दोनशे. ह्याच्या कानांवर लव होती, आईला वाटायचं माकड झालंय. ही एक आठशे पन्नास, हिला चमचा दिसला की उचकी लागायची. ही जुळी, दोघांना दोन पाचशे लिहिलंय, आईला उभंसुद्धा राहता येत नव्हतं, पाच किलो कुठून आणणार होती ती. थोरला एक नऊशे, धाकटी एक सातशे. आळीपाळीने छातीवर. हा तेवीस दिवस होता. ही सहाच दिवस, आईच ऐकेना, घरी दुसरं लहान होतं.

मॅडमनी आधी पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे मांडायला घेतले. एका जागी पेन्सिल थांबली ती पुन्हा चालली नाही, त्या नुसत्या ऐकत राहिल्या. दीड वर्षाची पानं होईपर्यंत बावन्न बाळं झाली होती. त्याच्या मागे धाकटी गेली नाही. मागचीही तिला आठवत होती, पण तिने रजिस्टर मॅडमकडे सरकवलं.

“माझा विश्वास बसला,” मॅडम म्हणाल्या. “कागदाचा बसणार नाही. आठवणीवर मला खोली ठेवता येत नाही, बाई.”

हे शिकवलं कुणी, असं त्यांनी विचारलं. निम्म्या ओळींवरचं अक्षर दुसऱ्याच हातचं होतं, वळणदार, जुन्या शाळेतलं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. धाकटी म्हणाली, मीच लिहिते. मॅडमनी त्या वळणदार अक्षराकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि पान उलटलं.

लेखी खुलासा मागवावा लागेल, त्या म्हणाल्या. धाकटी म्हणाली, मागवा. शेवटी मॅडमनी निवाडा दिला तो असा. ऊब देणारं यंत्र जाणारच. ते ज्या इस्पितळाच्या नावावर लागलंय त्यांनी आपली कमी वजनाची बाळं एक न चुकता लिहिली आहेत, आणि ती बाळंही गारच पडतात. खोली, कॉट आणि मावशी मात्र तीन महिने जागच्या जागी. त्या तीन महिन्यांत प्रत्येक वजन डॉक्टरांसमोर घ्यायचं, दोघांची सही. खरे आकडे आले आणि गरज दिसली तर खोली राहील. नाही दिसली तर मग मला काही सांगू नका.

“आणि कार्डावर?” मावशींनी विचारलं. एरवी त्या अधिकाऱ्यांसमोर तोंड उघडत नसत.

“कार्डावर तेच,” मॅडम म्हणाल्या.

त्यांची परतीची बस अडीचची होती. ती चुकली, कारण दोन वाजता बाळंतपणाच्या खोलीतली पहिलटकरीण अडली आणि मॅडमना थांब्यापर्यंत सोडायला कुणीच मोकळं नव्हतं. पावणेतीनला मुलगी झाली. रडली लगेच, चांगली ठणठणीत. धाकटीने पुसली, गुंडाळली आणि काट्यापाशी आली. डॉक्टर हातमोजे काढून येऊन उभे राहिले. दाराशी मॅडम होत्या, पिनेने जोडलेली चप्पल हातात घेऊन.

दुपटं मावशींनी सोडलं, बाळ तबकात ठेवलं. आकडे धावले आणि थांबले. दोन किलो पाचशे दहा. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि खिशातलं पेन काढलं.

धाकटीला दिसलं. दुपट्याचं एक टोक अजून तबकात पडलेलं होतं, बाळाच्या पायाखाली. मावशींनी ते मुद्दाम ठेवलं की हाताच्या सवयीने राहिलं, हे कदाचित मावशींनाही सांगता आलं नसतं. त्या भिंतीकडे बघत होत्या. बाहेर बाकावर पोरीची आत्या सकाळपासून बसून होती आणि दर तासाला विचारत होती की काही झालं का, आणि झालं तर भरीव आहे ना. आतली पोर अवघी एकोणीस वर्षांची होती. नव्वद ग्रॅम. चहाच्या अर्ध्या कपाएवढं.

तिने टोक उचललं आणि बाजूला केलं. आकडे पुन्हा धावले. दोन किलो चारशे वीस.

तिने तेवढं लिहिलं. डॉक्टरांनी तिच्या अक्षराखाली सही केली, या खेपेला घड्याळाकडे न बघता. पुढची बस कधी आहे, हे शिपायाला विचारायला मॅडम निघून गेल्या.

पोरीने मान वळवून विचारलं, किती. धाकटी तिच्याजवळ गेली, बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून पांघरूण ओढलं आणि जे होतं ते सांगितलं. दोन चारशे वीस. थोडं कमी आहे. असंच उराशी धरून ठेवलंस तर पंधरा-वीस दिवसांत भरून येईल, आणि यात तू काही चुकलेली नाहीस. शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं. पोरीच्या डोळ्यांच्या कडा भरल्या की घाम होता, कळलं नाही.

“बाहेर आत्या आहेत,” ती म्हणाली.

“मी सांगते त्यांना.”

पोरीने डोळे मिटले आणि पाणी मागितलं. मावशी पाणी घेऊन आल्या. पेला पोरीच्या ओठांना लावताना त्यांनी धाकटीकडे रागाने पाहिलं. मग राग ओसरला, तेवढाही धरून ठेवायला त्यांना उसंत नव्हती.

धाकटी कार्ड घेऊन व्हरांड्यात आली. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी कार्ड हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले, ओठ हलवत वाचलं. मग पाठीमागेही काही लिहिलंय का ते उलटून बघितलं.

“म्हणजे कमीच ना?”

“कमी आहे.”

आत्याबाईंचा चेहरा ताठ झाला आणि नजर धाकटीच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे गेली. पुढचं वाक्य काय येणार ते धाकटीला पाठ होतं. चेहरे बदलायचे, वाक्य तेच असायचं. ते यायच्या आधीच ती बाकावर बसली. तिला तसंही उभं राहवत नव्हतं.

“बसा जरा,” ती म्हणाली. “आत दार बंद आहे, मी सोडल्याशिवाय कुणी जायचं नाही. मला तुम्हाला पहिल्यापासून सांगायचंय.”

आत्याबाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसल्या, पण तोंड दुसरीकडेच ठेवलं. धाकटीने ठमीच्या एक नऊशे ऐंशीपासून सांगायला सुरुवात केली.